सभागृहाची किल्ली

गेल्या महिन्यात मंडळाच्या कार्यकारिणीसमोर एक साधा अर्ज आला. अर्जावर तीन सह्या होत्या. तिघेही पंचविशीच्या आतले, तिघांनाही आपण गणेशोत्सवाच्या नाट्यछटांपासून ओळखतो. मागणी एवढीच: महिन्यातून एका शनिवारी तळमजल्यावरचे सभागृह संध्याकाळी सात ते नऊ मिळावे. तिथे मराठीत स्टँडअप कॉमेडी होईल, जमल्यास एखादी छोटी एकांकिका होईल. भाडे देऊ, खुर्च्या आम्हीच मांडू आणि आम्हीच उचलू.

अर्जावर अर्धा तास चर्चा झाली. कल्पना वाईट आहे, असे कोणीच म्हटले नाही. मुलांचे कौतुकही झाले. शेवटी एका ज्येष्ठ सदस्यांनी सगळ्यांच्या मनातले वाक्य उच्चारले, "सगळं खरं, पण उगाच झंझट कशाला?" अर्ज ‘पुढील बैठकीत विचारार्थ’ या शेऱ्यासह फाईलमध्ये गेला.

कोणी धमकी दिली नव्हती, कोणाचा फोन आला नव्हता. मुलांनी एकही विनोद अजून ऐकवला नव्हता. तरीही सभागृहाची किल्ली खिशातच राहिली. असे का झाले आणि त्यात आपले काय जाते, याचा विचार व्हावा म्हणून हा लेख.

दोन रांगा

इंदूरमध्ये शनिवारी संध्याकाळी मराठी माणूस घराबाहेर पडतो, तेव्हा आता त्याच्यासमोर दोन रांगा असतात. एक आपल्या चांगल्या ओळखीची. खंडवा रोडवरच्या देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या सभागृहाबाहेर मोगऱ्याचा गजरा, इस्त्रीचा झब्बा, "काय, दिसला नाहीत मागच्या प्रयोगाला?" अशी चौकशी. सानंदने हे शहराला लावलेले वळण आहे. मामा मुजुमदार, रामूभैया दाते, राहुल बारपुते, वसंत आणि बहार अशा पाच समूहांत सभासद वाटलेले, आणि एकाच नाटकाचे पाच प्रयोग शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत. मुंबई इंदुरापासून जवळजवळ सहाशे किलोमीटर. नेपथ्याचा ट्रक, वीसेक माणसे, त्यांची राहण्या-जेवणाची सोय, हा सगळा खर्च एका प्रयोगात निघणे अशक्य. तो पाचांवर विभागला जातो आणि सभासदांची वर्गणी आधी जमा असते, म्हणून मुंबई-पुण्याबाहेर असूनही आपण नवे नाटक ताजे असताना पाहू शकतो. महाराष्ट्रातल्या कित्येक जिल्ह्यांच्या गावांना हे जमलेले नाही. याचा अभिमान बाळगायलाच हवा.

दुसरी रांग विजयनगरकडच्या किंवा पलासियाच्या एखाद्या कॅफेच्या जिन्यावर असते. वर साठ-सत्तर खुर्च्या, एक माईक, एक उंच स्टूल, मागे विटांची भिंत. तिकीट साधारण एका कॉफी-सँडविचच्या किमतीचे. ओपन माईक असेल तर बारा-पंधरा जण नाव नोंदवतात आणि प्रत्येकाला चार-पाच मिनिटे मिळतात. वेळ संपत आली की मागून मोबाईलचा दिवा दाखवतात. पंधरातले दहा पडतात. तिघांना बऱ्यापैकी हशा मिळतो. एक-दोघांना ऐकताना मात्र आपण पुढे सरकून बसतो.

आमच्यापैकी काही जण मुद्दाम अशा एका संध्याकाळी जाऊन बसलो. खरे सांगायचे तर अर्धा कार्यक्रम कंटाळवाणा होता. डेटिंग ॲप, इंजिनिअरिंगचे हॉस्टेल, आणि विनोद जमत नसला की शिवी. पण मग एक मुलगी उभी राहिली आणि आपल्या आजीबद्दल हिंदीत बोलू लागली. आजी पोहे करताना मराठीत बोलते, जलेबी आणायला पाठवताना हिंदीत, आणि रागावली की दोन्ही भाषा एकाच वाक्यात. पुण्याहून आलेल्या मावशीने आजीचे ‘काय करून राहिली गं’ दुरुस्त केले, तेव्हा आजीने मावशीलाच दुरुस्त केले. खोली हसून लोळत होती. खोलीतले निम्मे लोक मराठी नव्हते, तरी त्यांना ती आजी कळली.

नंतर तिला विचारले, हे मराठीत का करत नाहीस? ती म्हणाली, "काका, मराठीत करायला जागा कुठे आहे?" अर्जावरच्या तीन सह्यांत एक सही तिची आहे.

जानेवारी 2021 ची आठवण

कार्यकारिणीच्या मनात जी भीती होती तिला तारीख आहे. 1 जानेवारी 2021. छप्पन दुकान परिसरातल्या एका कॅफेत मुनव्वर फारुकी या कॉमेडियनचा कार्यक्रम होता. कार्यक्रम मध्येच थांबवला गेला, देवदेवतांचा आणि केंद्रीय गृहमंत्र्यांचा अपमान झाल्याची तक्रार झाली, आणि त्याला कार्यक्रमाशी संबंधित इतर तरुणांसह अटक झाली. त्या रात्री त्याने तसे विनोद केल्याचे दाखवणारा व्हिडिओ हाती नसल्याचे पोलिसांनीच सांगितल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या होत्या. सत्र न्यायालयाने जामीन नाकारला. 28 जानेवारीला उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने नाकारला. 5 फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला. तोवर महिन्याहून अधिक काळ तो आपल्याच शहराच्या मध्यवर्ती कारागृहात होता.

त्याचे विनोद कोणाला आवडोत वा न आवडोत, इथे मुद्दा वेगळा आहे. तेव्हाच्या कलम 295-अ साठी जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने भावना दुखावलेल्या असाव्या लागत आणि त्याची कमाल शिक्षा तीन वर्षे होती. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक ही आपोआप होणारी गोष्ट नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच अर्नेश कुमार प्रकरणात सांगितले होते. जामीन देताना न्यायालयाने याच निकालाची आठवण करून दिली. पण खटल्याचा निकाल काय लागेल याची वाट शहराने पाहिली नाही. शहराने धडा आधीच घेतला: माईक देणे जोखमीचे आहे.

हा धडा इंदूरपुरता राहिला नाही. मार्च 2025 मध्ये मुंबईत खार इथल्या हॅबिटॅट या छोट्या रंगमंचाची मोडतोड झाली. कुणाल कामरा याने तिथे चित्रित केलेल्या कार्यक्रमात महाराष्ट्राच्या उपमुख्यमंत्र्यांवर केलेले विडंबन हे कारण होते. दुसऱ्या दिवशी महापालिकेने अनधिकृत बांधकाम म्हणून त्या जागेचा काही भाग पाडला. कलाकाराच्या मजकुराशी आपला संबंध नाही असे जागेच्या चालकांनी सांगितले आणि मार्ग सापडेपर्यंत दार बंद ठेवत असल्याचे जाहीर केले. कित्येक मराठी, हिंदी आणि इंग्रजी कलाकारांनी पहिली पाच मिनिटे त्याच खोलीत केली होती.

दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. बोलणारा एक आणि दार बंद होते दुसऱ्याचे. कलाकार उद्या दुसऱ्या शहरात उभा राहू शकतो, यूट्यूबवर जाऊ शकतो. जागा कुठेही जाऊ शकत नाही. तिला पत्ता असतो, परवाने असतात, शेजारी असतात. म्हणून दबाव नेहमी जागेवर येतो. आपल्या कार्यकारिणीला हे नेमके कळले आहे, तेव्हा तिला भित्रे म्हणून मोकळे होणे आम्हाला योग्य वाटत नाही.

नाटकाला कागद असतो

मग प्रश्न असा की नाटकाची भीती आपल्याला का वाटत नाही? सानंदच्या रंगमंचावर येणाऱ्या नाटकांत राजकारण्यांवर टोमणे असतात, देवाधर्मावर प्रश्न असतात, नवरा-बायकोच्या संबंधांवर उघड बोलणे असते. आपण टाळ्या देतो आणि घरी जातो.

एक कारण कागदाचे आहे. महाराष्ट्रात व्यावसायिक नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. इथे पोहोचेपर्यंत त्या नाटकाचे पन्नास-शंभर प्रयोग झालेले असतात, वर्तमानपत्रांत परीक्षणे आलेली असतात. म्हणजे वाद व्हायचा असेल तर तो दादर किंवा कोथरूडमध्ये होऊन गेलेला असतो. आपल्याकडे येते ते पारखलेले. ओपन माईकवरच्या मुलाकडे असा कागद नसतो. तो काय बोलणार हे कधीकधी त्यालाही माहीत नसते, कारण पहिल्या वाक्यावर लोक हसतात की नाही यावर दुसरे ठरते.

दुसरे कारण प्रतिष्ठेचे आहे. नाटक म्हणजे संस्कृती आणि स्टँडअप म्हणजे परदेशी थिल्लरपणा, अशी विभागणी आपण मनात करून ठेवली आहे. ती आपल्याच इतिहासाला धरून नाही. एका माणसाने रंगमंचावर उभे राहून दोन-तीन तास लोकांना हसवणे आपल्याला पु. ल. देशपांड्यांच्या ‘बटाट्याची चाळ’ने आणि लक्ष्मण देशपांड्यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ने शिकवले. ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके त्या दिवशीच्या बातमीवर आयत्या वेळी कोट्या करत, आणि त्या ऐकायला लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढत. तमाशातली बतावणी, भारूड, शिमग्याची सोंगे यांत राजा, पाटील, भटजी कोणीच सुटत नसे. माईक नवा आहे, परंपरा जुनीच आहे.

आणि नाटकाला नेहमीच अभय होते असेही नाही. 1876 चा नाट्यप्रयोग कायदा इंग्रजांनी केला तो रंगमंचाची भीती वाटली म्हणूनच. 1907 मध्ये रंगमंचावर आलेल्या खाडिलकरांच्या ‘कीचकवध’मध्ये लोकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. तो कायदा केंद्राच्या पुस्तकातून गेला थेट 2018 च्या सुरुवातीला. कीचकवध पाहणाऱ्या आपल्या पणजोबांनी ‘झंझट कशाला’ म्हटले असते, तर आज अभिमानाने सांगायला आपल्याकडे काय उरले असते?

कायद्याच्या बाजूने अलीकडे एक दिलासाही आहे. 28 मार्च 2025 ला, म्हणजे हॅबिटॅटच्या मोडतोडीनंतर आठवड्याच्या आत, न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने एका खासदाराने प्रसारित केलेल्या कवितेवरचा गुजरातमधला गुन्हा रद्द केला. कविता, नाटक, चित्रपट यांच्याबरोबर स्टँडअप कॉमेडी आणि उपहास यांचेही नाव घेऊन, यांनी माणसाचे जगणे अर्थपूर्ण होते, असे न्यायालयाने नोंदवले. बोललेल्या-लिहिलेल्या शब्दांवरून तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्याची तक्रार आली, तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(3) नुसार पोलिसांनी वरिष्ठांच्या परवानगीने आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करणे योग्य ठरेल, हेही सांगितले. ठाण्याच्या पायरीपर्यंत हे प्रत्येक वेळी पोहोचेल, असा भाबडा समज आम्ही करून देणार नाही. पण 2021 मध्ये आयोजकाच्या हातात जे नव्हते, ते आज आहे.

रात्र कोणाची?

या गोष्टीला शहराच्या धोरणाचीही एक बाजू आहे. सप्टेंबर 2022 मध्ये बीआरटीएस मार्गालगतची दुकाने, कार्यालये आणि खाण्याची ठिकाणे चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी मिळाली. आयटीत रात्रपाळी करणाऱ्यांची सोय व्हावी हा उद्देश. पुढे नशा, हाणामाऱ्या, रस्त्यावरचा धिंगाणा अशा तक्रारी वाढल्या आणि जुलै 2024 मध्ये परवानगी मागे घेतली गेली. तक्रारी खोट्या नव्हत्या, पण त्या चर्चेत एक गोष्ट कोणी विचारली नाही: संध्याकाळी सातनंतर तरुण मुलाने किंवा मुलीने या शहरात जायचे कुठे?

इंदूरची रात्र म्हणजे खाणे, हे आपण कौतुकाने सांगतो. सराफ्यात मध्यरात्री भुट्ट्याचा कीस आणि थंडीत गराडू खाण्याचे सुख कोण नाकारेल? पण खाऊन झाल्यावर पुढे मॉल, नाहीतर बार, नाहीतर गाडीवरून चकरा. नाटक-गाण्याची सभागृहे शहरात आहेत. रवींद्र नाट्यगृह आहे, जाल सभागृह आहे, राजेंद्रनगरला लता मंगेशकर सभागृह आहे. पण ही सगळी शेकडो खुर्च्यांची, भाडे, ध्वनी, प्रकाश असा मोठा जमाखर्च मागणारी. साठ माणसांचा कार्यक्रम तिथे केला तर कलाकार आणि प्रेक्षक दोघेही ओशाळतात. लहान खोली हवी असेल तर कॅफे. आणि कॅफेवाल्याचा धंदा कॉफीचा आहे, कलेचा नाही. एक तक्रार आली की तो माईक बाजूला ठेवतो, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते.

ज्या संस्थेचा धंदा कॉफीचा नाही, जिच्याकडे स्वतःची वास्तू आहे, शंभर खुर्च्या आहेत आणि शहरात दोन शब्द ऐकून घेतले जातील एवढी पत आहे, तिच्याकडेच ही मुले आली आहेत.

आपण फक्त प्रेक्षक झालो का?

इथे आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. पाहुण्या नाटकांनी आपल्याला उत्तम प्रेक्षक बनवले. पण बाबा डिके, राहुल बारपुते यांची पिढी नाट्यभारतीतून नाटक पाहत नव्हती, करत होती. दिवसा नोकरी, रात्री तालीम, स्वतःच शिवलेले पडदे. त्यांची मराठी इंदुराची होती आणि तिची त्यांना लाज नव्हती. हौशी मंडळी आजही आहेत, स्पर्धांना जातात, पण त्यांच्या तालमीला आज किती सभासदांची मुले येतात, हे आपणच आपल्याला विचारावे.

मुंबईचा लेखक आपल्या आजीचा विनोद लिहिणार नाही. त्याला ती माहीत नाही. ‘येऊन राहिलो’ म्हणणारी, होळकरांच्या गोष्टी कालच्यासारख्या सांगणारी, शेजारच्या भाभींशी माळवीत आणि नातवाशी मराठीत भांडणारी माणसे फक्त आपल्याकडे आहेत. त्यांच्यावरचे विनोद आज हिंदीत होतात, कॅफेत होतात, कारण मराठीत बोलायला खोली नाही. दहा वर्षांनी हीच मुले पुण्यात किंवा बंगळुरूमध्ये असतील आणि आपण भाषणात म्हणू, नवी पिढी मराठीपासून दुरावली. तेव्हा कोणीतरी हा अर्ज फाईलमधून काढून दाखवावा. बडोदा, ग्वाल्हेर, हैदराबाद इथल्या मंडळांतले स्नेहीही हीच चिंता बोलून दाखवतात: वास्तू आपली, कार्यक्रम पाहुण्यांचे, आणि तरुण दाराबाहेर.

मग करायचे काय?

पुढच्या बैठकीसाठी आमची सूचना अशी. सहा महिन्यांसाठी, प्रत्येक चौथ्या शनिवारी, सात ते नऊ सभागृह द्यावे. ऐंशी खुर्च्या, त्याहून जास्त नाहीत. सहा कलाकारांना प्रत्येकी सात मिनिटे आणि नंतर अर्ध्या तासाची एक एकांकिका. भाषा मराठी, आपल्याला येते तशी. तिकीट शंभर रुपये. नाटकाच्या पाचशेपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, त्यामुळे हिशोब सोपा राहील. निम्मी रक्कम कलाकारांना, कारण फुकट काम करून घेणे हाही आपल्या संस्थांचा जुना दोष आहे.

संहिता आधी तपासावी, असे बैठकीत सुचवले गेले. आम्ही या मताचे नाही. तपासलेला विनोद बहुधा मेलेला असतो, आणि तपासणाऱ्याच्या सहीनंतर प्रत्येक शब्दाची जबाबदारी मंडळाची होते. त्याऐवजी तिकिटावर वयाची अट सोळा वर्षे छापावी, कार्यक्रमाचे संपूर्ण ध्वनिमुद्रण मंडळाकडे ठेवावे, आणि एक ठराव आजच लिहून ठेवावा: तक्रार आली तर तीन सदस्य ते ध्वनिमुद्रण ऐकतील, तक्रारदाराला बोलावून त्याचे म्हणणे ऐकतील आणि सात दिवसांत लेखी उत्तर देतील. तोपर्यंत पुढचा कार्यक्रम रद्द होणार नाही. कलाकार चुकला असेल तर त्याला तोंडावर सांगू. मात्र नुसत्या फोनवर कार्यक्रम बंद होणार नाही.

हा ठराव आधी करण्याला महत्त्व आहे. दबाव आल्यावर विचार करायला बसलेली समिती नेहमी ‘तूर्तास स्थगित’ म्हणते. आधी ठरवलेले असले तर सचिवांना एकट्याने धैर्य दाखवावे लागत नाही, कागद दाखवता येतो.

यात जोखीम नाही, असे आम्ही म्हणत नाही. एखादी संध्याकाळ रटाळ होईल. एखादा मुलगा नको ते बोलेल आणि आपल्यापैकी कोणीतरी उठून जाईल. उठून जाण्याचा हक्कही प्रेक्षकाचाच आहे. नाटक पडले म्हणून आपण कधी नाट्यगृहाला कुलूप लावले नाही.

पुढची बैठक येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला आहे. सभासदांना हजर राहता येते, मत मांडता येते. अर्ज विषयपत्रिकेवर आहे, पाचव्या क्रमांकावर, ‘पाण्याची टाकी दुरुस्ती’च्या खाली. टाकीबद्दल बोलून झाल्यावर कृपया लगेच घरी जाऊ नका. ती मुले बाहेरच्या बाकावर बसलेली असतील.